साडेपाचला उठणारे वडील

उमरग्याच्या चौरस्त्यावर हैदराबादची बस येऊन थांबली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि माझे वडील रस्त्याच्या कडेला उभे राहून माझी इंग्रजीची तोंडी परीक्षा घेत होते. खरी परीक्षा मी चार महिन्यांपूर्वीच पास झाले होते. व्हिसा आला होता, विमानाचं तिकीट हातात होतं, बॅगेला नायलॉनची दोरी आवळून झाली होती. पण विमानतळावरचे साहेब लोक मधेच अडवून काहीही विचारतात, असं आप्पांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं. त्यामुळं मुरुमहून एसटीत बसल्यापासून त्यांचं सुरूच होतं.

“डू यू लाइक युवर जॉब?”

“येस, आय लाइक माय जॉब व्हेरी मच.”

“व्हाट डू यू डू इन युवर फ्री टाइम?”

“आप्पा, लोक बघायलेत.”

“बघू दे. व्हाट डू यू डू?”

आई धपाट्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन आमच्या मधे बॅगेवर बसली होती. तिला यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. “येळच्या येळंला जेवत जा, तेवढं इंग्रजीत सांगा तिला,” एवढंच ती दोनदा म्हणाली.

मी बसमध्ये चढून खिडकीत जाऊन बसले. आप्पांच्या शाळेतले एक गुरुजी काही कामानं उमरग्याला आले होते, ते आम्हाला बघून जवळ आले. “निघालीस का बाळ? नाव काढ,” म्हणाले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. आप्पा खिडकीखाली आले, टाचा उंच केल्या आणि शेवटचा प्रश्न विचारला. “व्हाट डझ युवर फादर डू?”

मी गुरुजींकडं पाहिलं, मग आप्पांकडं. उत्तर ओठातल्या ओठात पुटपुटले. “जोरात,” आप्पा म्हणाले. मग मी मोठ्यानं म्हणाले, “माय फादर इज अ टीचर.” गुरुजी मान वळवून समोरच्या रसवंतीची पाटी वाचायला लागले. त्यांच्या टेबलावर आप्पांनी वीस वर्षं पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. आप्पांनी मान डोलवली, “करेक्ट” म्हणाले, आणि बस हलली.

माझे वडील शिक्षक नव्हते. मुरुमजवळच्या एका गावात शाळेवर ते शिपाई होते. वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, पाणी भरायचं, सुट्टीत गुरुजींसाठी चहा करायचा आणि उरलेला वेळ पाचवीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसायचं, असं तीस वर्षं. आत पोरं एका सुरात म्हणायची, आय गो, वी गो, यू गो, ही गोज, शी गोज. दरवर्षी तोच धडा, दरवर्षी नवी पोरं. तीस वर्षं पाचवी इयत्ता काढलेला दुसरा माणूस आमच्या जिल्ह्यात सापडायचा नाही. आप्पांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण ‘ही’ आला की मागं ‘गोज’ येतो हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं.

आमचं घर बुद्धविहाराला लागून आहे. सकाळी सातला अंघोळ करून आप्पा विहारात जायचे, हात जोडून त्रिशरण पंचशील म्हणायचे, परत येऊन कपभर चहा प्यायचे, आणखी कपभर प्यायचे आणि सायकलवर टांग टाकायचे. या माणसाचं चहाशिवाय पान हलत नसे. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

ते टीचरचं वाक्य लातूरच्या क्लासातल्या एका कागदावरचं. सोलापूरला नर्सिंग झालं, दोन वर्षं तिथंच एका दवाखान्यात काढली आणि परदेशात जायचं ठरवलं तेव्हा इंग्रजीसाठी मी लातूरला खोली घेऊन राहिले. क्लासच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एक झेरॉक्स दिली. परीक्षक घरच्यांबद्दल विचारतात, सवयी विचारतात, आवडीनिवडी विचारतात, त्याची तयार उत्तरं. माय फादर इज अ टीचर. ही गेट्स अप अ‍ॅट हाफ पास्ट फाइव्ह. ही गोज फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग. ही रीड्स द न्यूजपेपर. ही लाइक्स मिल्क. ही डझन्ट लाइक टी. क्रियापदाचा ‘एस’ विसरला की सर टेबलावर पट्टी हाणायचे, आणि शेजारच्या खोलीतले टायपिंगवाले दचकायचे.

आमच्या बॅचला अठरा मुली होत्या. अठराही जणींचे वडील शिक्षक होते, साडेपाचला उठत होते, फिरायला जात होते आणि दूध पीत होते. प्रत्यक्षात कुणाचे गवंडी होते, कुणाचे ट्रक चालवायचे, ईट गावच्या एका मुलीचे तर ती लहान असतानाच गेले होते. तीही रोज उभी राहून सांगायची, ही लाइक्स मिल्क. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार तरी कसं? शाळेत ‘माझा छंद’ या निबंधात आमच्या अख्ख्या वर्गानं पोस्टाची तिकिटं जमवली होती, आणि तिकीट कुणाच्या घरात एक नव्हतं. बघायला आलेल्या पाहुण्यांनी छंद विचारला की वाचन आणि रांगोळी म्हणायचं, हेही आम्हाला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. आवड ही आमच्याकडं पाठ करायची गोष्ट होती.

तरी एकदा मी सरांना म्हणाले होते, “सर, माझे वडील शिपाई आहेत.” सर म्हणाले, “परीक्षक काय मुरुमला येऊन बघणारय का? टीचर सोपं पडतं.” वर्गात हशा पिकला आणि मी बसले. खरं सांगायचं तर बसताना मला बरं वाटलं. मला तो कागदावरचा बाप आवडला होता. धुतलेल्या कपड्यांत पहाटे फिरायला जाणारा, पेपर वाचणारा, कुणाचा तांब्या न भरणारा. हे लिहिताना माझे कान गरम होतायत, पण तुम्हाला अर्धंच सांगायचं असतं तर मी लिहायलाच बसले नसते.

दर रविवारी मी घरी यायचे. आप्पांनी तो कागद मागून घेतला, माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतला आणि माझी उजळणी घ्यायला लागले. ओसरीवर ते पाट टाकून बसत, चष्मा नाकावर, मी समोर. मला वाटलं होतं, पहिल्या वाक्यावर ते काहीतरी बोलतील. नुसते म्हणाले, “ताठ बसून म्हन. टीचरची पोरगी वाकून बसत न्हाय.” मग एकदा कागदावरच्या ‘गोज’वर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, “ह्या काळात रोजचंच सांगायचं असतंय न्हवं? येकदाच हुऊन गेलेलं न्हाय?” मी म्हणाले, व्हय, सवय सांगायची असली की हाच काळ. त्यांनी कागदाकडं बराच वेळ बघितलं आणि घडी घालून खिशात ठेवला. मी आत जाऊन जेवायला बसले.

इंग्लंडच्या उत्तरेला एका लहान गावात वृद्धांचं नर्सिंग होम आहे, तिथं मी काम करते. पहिल्या महिन्यात मला एकामागून एक धक्के बसले. थंडीचा नाही, थंडी फोनवर सगळ्यांनी आधीच सांगितली होती. धक्का असा की इथं तुम्ही बोलाल ते लोक खरं धरतात. ब्रेकमध्ये कुणी म्हणालं, चहा? मी आपल्या पद्धतीनं म्हणायची, नो नो, थँक यू. आपल्याकडं यापुढं दोन वेळा आग्रह होतो आणि तिसऱ्यांदा आपण कप घेतो. इथं किटली सरळ पुढच्या माणसाकडं गेली. तीन आठवडे बारा तासांच्या शिफ्टमध्ये मी चहाविना काढले आणि स्टाफमध्ये सगळ्यांना पक्कं ठाऊक झालं की सुजाताला चहा आवडत नाही.

आमच्या इथं प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक फॉर्म असतो. किती वाजता उठतात, काय आवडतं, काय आवडत नाही. ‘शी लाइक्स द विंडो ओपन.’ ‘ही डझन्ट लाइक लाउड म्युझिक.’ लातूरच्या झेरॉक्ससारखीच वाक्यं, तोच काळ, तोच एस. फरक इतकाच की इथं त्या एका वाक्यावर माणसाचा दिवस चालतो. खिडकी उघडी आवडते असं लिहिलंय म्हणून रोज सकाळी कुणीतरी जाऊन ती उघडतं. पहिला फॉर्म वाचला तेव्हा मी हातात पेन धरून नुसती उभी राहिले. अशी वाक्यं खरी असू शकतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

कॅरल ही आमची वॉर्ड मॅनेजर. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडानं फटकळ आणि मनानं चांगली. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, घरी कोण असतं, वडील काय करतात? आणि विचार करायच्या आत माझ्या तोंडातून अख्खा कागद बाहेर पडला, एससकट. माय फादर इज अ टीचर, ही गेट्स अप अ‍ॅट हाफ पास्ट फाइव्ह. कॅरलनं ते मनावर घेतलं. तिला असलं सगळं लक्षात राहतं. नंतर चार वर्षं, शिफ्ट बदलताना कामाचा हँडओव्हर झाला की तिचा प्रश्न ठरलेला. वडील कसे आहेत? अजून रोज फिरायला जातात? आणि मी म्हणायची, येस, एव्हरी मॉर्निंग. एखादा खोटा दागिना अंगावर घालून सवय व्हावी तसं झालं होतं. सुट्टीवर म्हणून मी गावी एकदाच गेले, तेही करोनातून वाट मोकळी झाल्यावर आठ दिवस. त्यात चार दिवस पाहुण्यांत गेले आणि सकाळी मी नऊपर्यंत झोपून असायची. डोळे उघडे ठेवले असते तर तेव्हाच कळलं असतं.

तो दिवस गेल्या नोव्हेंबरातला. दुपारचा ब्रेक होता, घरी संध्याकाळ झाली होती. स्टाफरूममध्ये बसून मी व्हिडिओ कॉल लावला होता. पडद्यावर आप्पा, मागं ओसरीची निळी भिंत. तेवढ्यात कॅरल कप घेऊन आत आली, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाली, “हे तुझे वडील? टीचर?” मी काही बोलायच्या आत तिनं फोन माझ्या हातातून घेतला.

मी ओरडून सांगणार होते की त्यांना इंग्रजी येत नाही, आवाज येत नाही, काहीही. कॅरल सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “मी तुमच्याबद्दल खूप ऐकलंय.” आप्पा खाटेवरून उठून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. आणि म्हणाले,

“गुड इव्हनिंग मॅडम. आय अ‍ॅम अ टीचर. आय गेट अप अ‍ॅट हाफ पास्ट फाइव्ह. आय गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग. आय रीड द न्यूजपेपर. आय लाइक मिल्क. आय डोन्ट लाइक टी.”

माझ्या कागदावर सगळं ‘ही’ होतं. आप्पांनी ‘ही’चा ‘आय’ केला होता, प्रत्येक क्रियापदाचा एस अलगद काढून टाकला होता, ‘डझन्ट’चा ‘डोन्ट’ केला होता, आणि एकाही ठिकाणी अडखळले नव्हते. हे आज सुचलेलं नव्हतं. कधीतरी कुणीतरी विचारेल म्हणून हा माणूस तयारी करून बसला होता.

कॅरल खूष झाली. तिनं कागदात नसलेला प्रश्न विचारला. शिकवण्यातलं तुम्हाला काय आवडतं? मी डोळे मिटून घेतले. मग आप्पांचा आवाज आला, जरा बारीक, “चिल्ड्रन कम. एव्हरी डे दे कम. आय लाइक.” कॅरलनं छातीवर हात ठेवला, ‘लव्हली’ म्हणाली आणि फोन मला देऊन वॉर्डात निघून गेली.

“आप्पा, हे कधी पाठ केलंत?” मी विचारलं. ते हसले आणि “घे, तुज्या आईशी बोल,” म्हणून फोन देऊन बाहेर गेले. आईचा चेहरा पडद्यावर अर्धाच आला, नेहमीसारखा, कपाळ आणि एक डोळा.

“पाठ कशाचं? रोजचंच हाय त्येंचं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हंजे काय? तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिशी साडेपाचला उठले. म्या म्हनलं, कुठं? म्हनले, फिरायला. पोरगी तिकडं सांगायलीय, बाप रोज फिरायला जातो म्हनून. म्या म्हनलं, इतक्या लांबनं कोन बघायलंय? तर म्हनले, रोज इहारात हात जोडून खोटं बोलनार न्हाय म्हनतो म्या, आन् पोरीकडनं खोटं म्याच पाठ करून घेतलंय. आता खरं करायचं तेवढं हातात हाय.”

मी ऐकत होते आणि माझ्या समोरचा सँडविचचा डबा मला दिसेनासा झाला. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं. मला ते लहानपणापासून पाठ आहे, झेरॉक्ससारखंच. आप्पा ते रोजच्या रोज खरं धरत होते, हे मला चार वर्षांनी, सात हजार किलोमीटरवर बसून कळत होतं.

आईला एकदा तोंड फुटलं की ती थांबत नाही. अक्कलकोट रोडनं पार नाल्यापर्यंत जातात आणि परत येतात, पावसातसुद्धा. येताना न्हाव्याच्या दुकानात बसून पेपर वाचतात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. चहा तू गेलीस त्या दिवशी सोडला. पाहुण्यांकडं गेलं की दूध मागतात, लोकांना वाटतं माणूस आजारी आहे. पहिले पंधरा दिवस डोकं धरून बसत होते, पण घोट घेतला नाही.

“आणि टीचर?” मी विचारलं.

“त्येचा लई घोर लागला हुता त्येंना. शिपायाला मास्तर कोन करनार? मंग आळीतली पोरं बोलावली, इहारात सतरंजी टाकली. पयल्यांदा दोनच आली. आता बारा-तेरा येतेत, रोज सांजच्याला. ही गोज, शी गोज, वरडतेत नुसती. गुरुजी म्हनतेत त्येंना. ऐक की, तिकडंच गेलेत आता, लंगडत.”

“लंगडत का?”

आईनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, “गुडघा सुजलाय. दोन वर्सं झाली. डागदर म्हनला चालू नका. तुला सांगू नको म्हनलं हुतं मला.”

मी नर्स आहे. मी रोज आठ म्हाताऱ्या माणसांचे गुडघे चोळते, त्यांची सूज मोजून लिहून ठेवते, कुणी एक पाऊल जास्त टाकलं तर त्यांना रागावते. आठवड्यातून तीनदा मी घरी फोन करते. दोन वर्षांत मी एकदाही आप्पांना चालताना पाहिलं नव्हतं, कारण फोनवर ते नेहमी बसलेले असायचे. मला कॅमेऱ्यात त्यांचं कपाळ, चष्मा आणि निळी भिंत दिसायची, आणि माझं समाधान व्हायचं. त्या दुपारी ब्रेक संपला तरी मी उठले नाही. एक सहकारी विचारायला आली, बरं वाटत नाही का, आणि मी सवयीनं म्हणाले, आय अ‍ॅम फाइन. तिनं ते खरं धरलं आणि ती गेली.

ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. डोक्यात एकच गोष्ट होती. जोपर्यंत इथं ते वाक्य उभं आहे, तोपर्यंत तिथं तो माणूस चालत राहणार आहे. मी फोन करून कितीही सांगितलं, आप्पा, राहू द्या, तरी ते ऐकणार नाहीत. कारण त्यांच्या लेखी मी रोज कुणालातरी ते सांगते आहे, आणि मी सांगतच होते. वाक्य मागं घ्यायचं तर मलाच घ्यावं लागणार होतं, जिथं बोलले तिथंच.

दुसऱ्या दिवशी हँडओव्हर झाल्यावर मी कॅरलला थांबवलं. खोटं बोलल्याबद्दल इथं काय करतात, मला माहीत नव्हतं. नोकरीवर गदा येईल, व्हिसाचं काही होईल, असलं सगळं मनात येऊन गेलं. मी म्हणाले, माझे वडील टीचर नाहीत. ते शाळेत शिपाई होते. ते घंटा द्यायचे, झाडायचे, टीचर लोकांना चहा द्यायचे. परीक्षेसाठी मला ते पाठ करायला दिलं होतं आणि नंतर मीच ते सोडलं नाही.

कॅरलला कळेना. “पण काल ते म्हणाले ना, रोज फिरायला जातो?”

“जातात. मी तसं सांगते म्हणून जातात.”

तिनं कप टेबलावर ठेवला. मी सगळं सांगितलं, चहा, पेपर, सतरंजी, गुडघा. तिचा चेहरा बदलत गेला. शेवटी ती म्हणाली, “गुडघा सुजलेला असताना?” आणि तिचे डोळे भरून आले. मग नाक पुसून, मॅनेजरच्या आवाजात म्हणाली, “आज फोन कर आणि सांग, चालणं बंद. माझी ऑर्डर आहे.” दारापर्यंत जाऊन ती वळली आणि तिनं विचारलं, “बरं, त्यांना खरंच काय आवडतं?” मी तोंड उघडलं आणि मला काहीच सांगता येईना. इथल्या आठ अनोळखी माणसांच्या आवडी मला पाठ आहेत, उठण्याच्या वेळा आणि खिडक्यांसकट.

दुपारी मी फोन लावला. “आप्पा, मी त्यांना खरं सांगून टाकलं. तुम्ही शाळेत शिपाई होतात म्हणून.”

“कशाला?” आप्पा खाटेवर ताठ झाले. “नोकरीचं काय?”

“नोकरीला काही होत नाही.”

“बाई काय म्हनल्या?”

“म्हणाल्या, उद्यापासून चालायचं बंद. गुडघा सांभाळा. आणि तुम्हाला काय आवडतं ते विचारलंय त्यांनी.”

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, दुखावले असतील. चार वर्षं एकेका दिवसानं उभं केलेलं मी एका वाक्यात पाडलं होतं. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, “आदी काय आवडत न्हाय ते सांगू का?”

“सांगा.”

“चालायला आवडत न्हाय मला. कट्टाळा येतो. कुत्री मागं लागतेत. दूध तर नगंच वाटतंय, पोटात गुरगुरतंय नुसतं. त्यो पेपर, निम्मा जाहिरातीच असतेत. आन् ते मोजे दिलेस तू पाठवून, त्येनं बोटं आवळतेत.” ते सांगत गेले. मागून आई हसत होती. पोरं तेवढी राहू दे, म्हणाले, सतरंजी मोडायची नाही, ते आवडतंय. तेवढं एक सोडून बाकी सगळ्याची त्यांनी सालं काढली. मी आयुष्यात त्यांना इतकी कुरकुर करताना ऐकलं नव्हतं.

तुम्ही जे गावाकडं मागं राहिलात आणि ज्या माझ्यासारख्या कुठं कुठं गेलात, तुम्हाला सांगते, चार वर्षांत पहिल्यांदा मला घरी बसल्यासारखं वाटलं. इतके दिवस मी फोनवर बोलत होते तो सरांच्या झेरॉक्समधला बाप होता, शहाणा, दूध पिणारा, कधी तक्रार न करणारा. आता माझाच बाप माझ्यासमोर बसून मोज्यांना नावं ठेवत होता. घर म्हणजे काय असं इथं मला बरेचजण विचारतात, आणि मी आजवर त्यांना विहिरी, ज्वारी, ओसरी असलं काहीबाही सांगत आले. आता विचारलं तर म्हणेन, आवडत नाही ते जिथं माणूस तोंडावर सांगू शकतो, ते घर. आमच्या घराला तिथवर यायला फार वेळ लागला.

“झालं का?” मी हसत विचारलं.

“येक ऱ्हायलं,” आप्पा म्हणाले. पडद्याकडं न बघता त्यांनी चष्म्याची काच शर्टाला पुसली. “तू इतकी लांब हायस, ते बी मला आवडत न्हाय. पयल्या दिसापासनं न्हाय.”

माझं हसू तिथंच थांबलं. लातूरला पाठवणारे ते, उमरग्याच्या चौरस्त्यापर्यंत उजळणी घेणारे ते, ‘करेक्ट’ म्हणून बस सोडणारे ते. मी कसंबसं विचारलं, “मग कधी बोलला का नाहीत, आप्पा?”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडं बघितलं.

“तुज्या कागदात न्हवतं की ते.”